अंधारीतून वर

पैसे देऊन मार खाण्याची सोय पूर्वी फारशी नव्हती. तालमीत जावं तर वस्तादाला नारळ दिला की भागत असे. आता मात्र ही सोय घरोघर झाली आहे. आमचा पुतण्या सिडकोतल्या आपल्या खोलीत बसून रोज रात्री तिचा लाभ घेतो. दिवसभर तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि नऊ वाजले की ‘कपहेड’ नावाचा खेळ खेळतो. ‘खेळतो’ हे आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात तो मरतो. “काका, मेलो!” अशी आरोळी येते. घरात आता तिकडं कुणी लक्ष देत नाही. वहिनी फक्त म्हणतात, “मेलास ना? मग आता जेवून घे.”

हा खेळ २०१७ साली बाजारात आला. मोल्डेनहावर नावाच्या दोन कॅनेडियन भावांनी घरं गहाण टाकून तो पुरा केला. १९३० च्या सुमारास अमेरिकेत जशी कार्टूनं निघत, तशी एकेक चित्र कागदावर हातानं काढून त्यांनी तो सजवला. दिसायला इतका गोजिरवाणा, की बालवाडीच्या भिंतीवर रंगवावा. नायकाचं डोकं म्हणजे चक्क एक कप, त्यात शीतपेयाची नळी. पण त्याच्यावर चालून कोण येतं? आधी बटाटा, मग रडणारा कांदा आणि शेवटी गाजर! भाजीमंडईच अंगावर येते म्हणा ना. तीन फटके बसले की आपला ग्रंथ आटोपला. शत्रू मेला असं वाटावं, तोच तो रूप पालटून पुन्हा उभा राहतो. त्या शेवटच्या रूपापाशी मेलात, तर लढाई पुन्हा पहिल्यापासून. सोपा मार्गही ठेवलेला आहे, पण त्यानं गेलात तर पुढं लागणारी करारपत्रं मिळत नाहीत. म्हणजे फुकट पास नाही!

ही करारपत्रं कसली म्हणाल, तर नायक सैतानाच्या जुगारअड्ड्यावर फासे टाकून हरतो आणि मग सैतानासाठी वसुली करत हिंडतो. फाशांचा हा नाद आमच्या भागाला काही नवा नाही. शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती चौदाशे-पंधराशे वर्षं फासे खेळत बसले आहेत. खाली गण बिचाऱ्या नंदीची खोडी काढताहेत. देवाधिदेवांनाच जिथं डाव सोडून उठवत नाही, तिथं आमच्या पुतण्याला काय बोलणार?

तरीही खेळानं माणसाला एवढं छळावं का? या छळाला इतिहास आहे आणि तो नाण्यापासून सुरू होतो. १९८० च्या आसपास असे खेळ कपाटाएवढ्या यंत्रांवर असत. नाणं टाकायचं, खेळायचं, मेलं की पुन्हा नाणं. गिऱ्हाईक जितकं लवकर मरेल तितकी गल्ल्याला बरकत! ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ हा १९८५ चा जपानी खेळ घ्या. पहिल्या फटक्याला शूर सरदाराचं चिलखत गळून पडतं आणि तो चड्डीवर लढू लागतो. दुसऱ्या फटक्याला नुसती हाडं. एवढं सोसून कुणी शेवटाला पोचलाच, तर त्याला सांगण्यात येतं, की ही सगळी माया होती, आता पुन्हा पहिल्यापासून या. मायावाद इतक्या रोकड्या भाषेत कुणी शिकवला नसेल.

पुढं खेळ घरी आला, नाणं गेलं, पण छळ राहिला. कारण जागा तोकडी होती. त्याच वर्षीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला होता. रोज सकाळी मोबाइलवर फुलासकट ‘शुभ प्रभात’ येतं ना, ते याहून जड असतं. एवढासा खेळ महिनाभर पुरवायचा, तर तो अवघड करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आज नाणंही नाही आणि जागेचीही ददात नाही. मग अवघडपणा का टिकला? याचं उत्तर मला देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर मिळतं. यादवांची ही राजधानी. डोंगराचे कडे उभे तासलेले, पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक आणि त्यापलीकडं अंधारी. अंधारी म्हणजे कातळातून वर चढत जाणारा, वळणावळणाचा, मिट्ट काळोखी बोगदा. वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर आत सोडायची व्यवस्था. आमच्या पुतण्याचा खेळ याच्यापुढं दयाळू म्हणायचा. तिथं प्रत्येकाला जीव एकच आणि दुसरा डाव नाही.

गंमत अशी, की ही अंधारी लढून जिंकायच्या भानगडीत फारसं कुणी पडलंच नाही. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवरायाच्या किल्ल्यात धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं अशी कथा आहे. १६३३ मध्ये मोगलांनी वेढा घातला, तेव्हाही आत उपासमार झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फतेखान याला किल्ला द्यावा लागला. भुयार अजिंक्यच राहिलं, हरलं ते कोठार!

आता शत्रू गेला आणि अंधारी उरली. तिथं शाळांच्या सहली येतात. पोरं काळोखात शिरतात, किंचाळतात, कपाळ आपटून घेतात आणि उजेडात आली की म्हणतात, “सर, पुन्हा एकदा जाऊ या का?” ज्या काळोखाची सैन्यांना धास्ती, त्याची आता मजा झाली आहे. खेळांचंही तेच झालं. गल्ला गेला, अडचण गेली, पण अवघडपणा उरला आणि लोकांना नेमका तोच आवडला.

आमचा पुतण्या याचं कारण अधिक नीट सांगतो. खेळात मेलं, की पडद्यावर एक रेघ येते. शत्रू संपायला किती उरला होता, तेवढं ती दाखवते. तो म्हणतो, “काका, परीक्षेत दोन मार्कांनी गेलं तर पुढच्या जाहिरातीची वाट बघत बसायचं. निघेल तेव्हा निघेल. तोवर वय वाढतंच. इथं दोन मार्कांनी गेलं, तर दोन सेकंदांत पुन्हा उभा. आणि काल कुठं मेलो ते आज हाताला आठवतं.”

यावर मला बोलता आलं नाही. दोन वर्षं तो वाट बघतोय. देवगिरी बांधणाऱ्यानं वर येणाऱ्याचा मुडदा पडावा म्हणून अंधार केला. या दोघा भावांनी अंधार केला तो वर येणाऱ्यानं यावंच म्हणून, आणि वर किती पायऱ्या राहिल्या तेही सांगून ठेवलं. पोराला रात्री तासभर असा अंधार मिळत असेल, तर मिळू दे. दिवसाच्या अंधारीत पायऱ्या मोजायची सोय अजून कुणी केलेली नाही.