येळवशीची आंबील

आम्हा गोंयकारांना उंडो म्हटला की पदेराचा पाव आठवतो. बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्यात मात्र उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे गोळे! मित्राच्या सासुरवाडीला येळवशीसाठी गेलो होतो, तेव्हा ही गंमत कळली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या भागातली माणसे शेतात जातात. कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि मग पंगत बसते. पानात उंडे, तूर-हरभरा-पावट्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या घातलेली भज्जी, आणि मडक्यातली आंबट, लसणाच्या वासाची ज्वारीची आंबील.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) मुंबई राज्यात. सरहद्द आखली गेली, पण आंबिलीला ती ठाऊक नाही. कानडीत तिला अंबली म्हणतात, एवढाच काय तो फरक.

आंबटपणा आणि आरोग्य यांचे नाते शास्त्राच्या भाषेत मांडण्याचा मोठा प्रयत्न केला तो रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी. विरजलेल्या दुधातले जिवाणू आतड्यातली कुजण्याची क्रिया रोखतात आणि माणसाचे आयुष्य वाढवतात, असे ते १९०७ च्या सुमारास सांगू लागले. १९०८ साली त्यांना नोबेल मिळाले, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य! गुरू पोटातल्या मित्रजंतूंच्या शोधात, तर शिष्य शत्रुजंतूंच्या मागावर.

आज चित्र अधिक स्पष्ट आहे. ज्वारी, डाळी आणि भाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटपासूनच घेतात. म्हणजे आपण एकटे जेवत नाही, आपल्या पोटात आणखी एक पंगत बसलेली असते! आंबील शिजवताना पिठातले जिवाणू मरतात हे खरे. पण ती गार झाल्यावर ताक घातले, तर ताकातले जिवंत पोटात जातात.

मग ज्वारी खाणारा दख्खन निरोगीच असायला हवा होता. तसे नव्हते! ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळे. उन्हात उघडी पडणारी कातडी काळी-खरखरीत होणे, जुलाब आणि पुढे बुद्धिभ्रम. अमेरिकेत हा रोग जंतूंमुळे होतो असे मानले जाई. तो जंतूंचा नसून आहारातल्या उणिवेचा आहे, हे गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या आसपास दाखवले. १९३७ मध्ये ती उणीव नायसिनची असल्याचे कळले. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिनकडे बोट दाखवले. त्यावर पुढे वाद झाले. पण जेवणात वैविध्य नसणे घातक, याबद्दल वाद नाही.

इथेच मला येळवशीचे पान पुन्हा आठवते. त्यात ज्वारी एकटी नाही. तिच्या सोबतीला शेंगांचे दाणे आहेत, पालेभाजी आहे, ताक आहे. सणाच्या दिवशी गरिबाच्या पानात जे येई, ते रोज आले असते तर? दोष ज्वारीचा नव्हता, तिच्या एकटेपणाचा होता आणि तो एकटेपणा दारिद्र्याने लादलेला होता.

म्हणून 'जुने ते सोने' म्हणताना जरा जपून बोलावे. आपल्याकडेही नाचण्याची आंबील आणि उकड्या तांदळाची पेज मागे पडली. ती परत आणायची तर नुसती पेज आणून भागणार नाही, सोबत कुळीथ, अळसांदे, ताक आणि परसातली भाजीही आणावी लागेल. पोटातल्या पंगतीला एकच पदार्थ वाढून कसे चालेल?