पाण्यानं राखलेलं जहाज

अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय पाहताना मला नेहमी वाटायचं, जुनी वस्तू एकदा सापडली, लोकांसमोर मांडली, की ती वाचली. 'अल्विन क्लार्क'ची गोष्ट वाचली आणि हा समज गेला.

हे अमेरिकेतलं दोन डोलकाठ्यांचं लाकडी मालवाहू जहाज. तिकडे त्याला स्कूनर म्हणतात. २९ जून १८६४ रोजी ते लाकूड भरायला रिकामं निघालं होतं. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे भागात अचानक वादळ आलं, जहाज उलटलं. कप्तानासह तिघे बुडाले.

१९६७ मध्ये तिथं एका मच्छीमाराचं जाळं अडकलं. ते सोडवायला उतरलेल्या फ्रँक हॉफमन या पाणबुड्याला तळाशी हे जहाज सापडलं, जवळपास अखंड! पाणी थंड आणि गोडं. लाकूड पोखरणारे समुद्री किडे तिथं नसतात. १९६९ मध्ये ते वर काढलं, आतलं पाणी उपसलं, तर चक्क तरंगलं.

घात पुढेच झाला. शतकभर भिजलेल्या लाकडाला आतल्या पाण्याचाच आधार असतो. ते सुकलं की लाकूड आकसतं, तडकतं. स्वीडननं १९६१ मध्ये वर काढलेल्या 'वासा' जहाजावर १७ वर्षं रसायन फवारलं. हॉफमनकडे तेवढा पैसा नव्हता. मेनॉमिनी गावात जहाज कुजत गेलं. १९९४ मध्ये ते तोडून टाकलं.

पाण्यानं १०५ वर्षं सांभाळलेलं जहाज माणसांच्या हातात २५ वर्षं टिकलं. मी हॉफमनला दोष देत नाही. त्याचं जहाजावर प्रेम होतं. पण आता 'अमुक सापडलं' अशी बातमी वाचली, की पहिला प्रश्न पडतो: उद्यापासून रोज याची देखभाल कोण करणार?