वेड, छंद आणि स्वमग्नता : गोविंदप्रभुचरित्राच्या निमित्ताने

वि. भि. कोलते यांनी संपादिलेले म्हाइंभटांचे 'गोविंदप्रभुचरित्र' नागपुरात एम.ए.च्या वर्गाला शिकवताना एक अडचण नेहमी येते. रिद्धपूरच्या गुंडम राउळांच्या तीनशेहून अधिक लीळांत पुष्कळदा 'घटना' म्हणावी असे काही घडतच नाही. राउळ घरोघरी जाऊन खातात, पोरांत खेळतात, हसतात, मध्येच कोपतात. एखादी गोष्ट करावी असे म्हणतात, लगेच करू नये म्हणतात, पुन्हा दुसरीच करावी म्हणतात. आणि हा हेलकावा ठरलेल्या शिवीसकट लीळेमागून लीळेत येत राहतो. विद्यार्थी कंटाळतात. एकदा मात्र एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, माझा धाकटा भाऊ असाच बोलतो." भावाच्या स्वमग्नतेचे निदान झालेले होते.

राउळही स्वमग्न होते, असे उत्तर देणे सोपे होते. मी ते दिले नाही. असे निदान व्यक्तीच्या बालपणापासूनच्या वाढीवरून करतात. आपल्या हाती आहे तो राउळांच्या निधनानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, भक्तांनी स्मरणासाठी सिद्ध केलेला ग्रंथ. पण तिचा प्रश्न टाकून देण्यासारखाही नव्हता.

'ऑटिझम' हा शब्द ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकारंभी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला. बाह्य जगापासून तुटून आत वळणे हा त्याचा अर्थ. १९२५ मध्ये सुखारेवा यांनी आणि १९४३ मध्ये, अकरा मुलांच्या नोंदींसह, कॅनर यांनी जे चित्र रेखाटले ते याहून वेगळे होते. कॅनर यांच्या लेखी एकाकीपणाइतकेच महत्त्व होते ते सारे जसेच्या तसे राहावे या आग्रहाला. अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीत तर पुनरावृत्त वर्तन आणि मर्यादित पण तीव्र आवडी यांच्यावाचून हे निदानच होत नाही. आपला 'स्वमग्नता' हा शब्द मात्र ब्लॉयलर यांच्यापाशीच थांबला आहे. तासन्‌तास चाक फिरवणारे किंवा आगगाड्यांचे वेळापत्रक मुखोद्गत असणारे मूल 'स्व'त मग्न कुठे असते? ते चाकात, वेळापत्रकात मग्न असते. आवाज, उजेड, अनपेक्षित बदल अंगावर येऊ लागले की तीच ती कृती मनाला आधार देते, कधी तिच्यातून निखळ आनंदही व्यक्त होतो, असे आता अनेक स्वमग्न व्यक्ती स्वतःच लिहितात.

जुन्या मराठीजवळ यासाठी शब्द कमी नाहीत : नाद, चाळा, खूळ, वेड, छंद. यांतला शेवटचा मला विशेष वाटतो. छंद म्हणजे आवड, आणि छंद म्हणजेच आवर्तनाने बांधलेली रचना. परिभाषा घडवणाऱ्यांचे इकडे लक्ष गेले नसावे. असो.

रिद्धपूरचे लोक राउळांना वेडे म्हणत आणि अडचणीत आई-बापही म्हणत. १२७४ च्या सुमारास चक्रधर निघून गेल्यावर नागदेवादी शिष्य तिथे आले आणि राउळांच्या अखेरपर्यंत सेवेत राहिले. राउळांचे हो-नाही संपेपर्यंत थांबणे हा त्या सेवेचाच भाग होता. ईश्वराची प्रत्येक कृती स्मरणीय, या श्रद्धेमुळे म्हाइंभटांनी पुनरावृत्ती गाळली नाही. आजच्या संपादकाने निम्मी गाळली असती. अर्थात हे चित्र फार गोंडस करू नये. ज्याला कोणी अवतार मानले नाही, अशा 'वेड्या'चे त्याच गावात काय झाले असते, हे चरित्र सांगत नाही.

हे मी त्या मुलीलाही सांगितले. ती म्हणाली, "आमच्याकडे शेजारी सांगतात, त्याचे हात धरून ठेवा." पुढे तिने लघुप्रबंधासाठी हाच ग्रंथ घेतला. राउळांच्या हेलकाव्याची प्रत्येक लीळा तिने वेगळी काढली आणि तिच्यापुढे एकच गोष्ट नोंदवली : त्या वेळी जवळच्या माणसाने काय केले.