चंद्राच्या बातमीची मुदत

लहानपणी सोलापुरात विजापूर वेशीजवळ एकोणतिसावा रोजा ढगांत गेला की घराघरांत घालमेल सुरू व्हायची. शेवया उद्या की परवा? मोठी माणसं मशिदीत बसून बाहेरगावच्या ट्रंक कॉलची वाट पाहायची. कॉल लागायला कधी तास लागे, तोवर तरावीह सुरू झालेली असे.

बातमी उशिरा पोचली तर काय, हा प्रश्न जुनाच आहे. मदिनेत एकदा लोक रोज्यात असताना काही स्वार आले आणि काल चंद्र पाहिल्याची साक्ष दिली. पैगंबरांनी रोजा सोडायला सांगितला आणि ईदची नमाज दुसऱ्या सकाळी ठेवली. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. हनफी फिकहने यावरच नियम बसवला : सूर्य माथ्यावरून ढळायच्या आत बातमी आली तर नमाज आजच. नंतर आली तर रोजा लगेच सुटतो, पण नमाज उद्या. उद्याही राहिली तर ईदुल फित्रची नमाज नाही. बकरी ईदला मात्र बारा जिलहिज्जपर्यंत सवलत. एकाच निरोपाला दोन मुदती, एक संपली तरी दुसरी चालू, ही बारकाई मला फार आवडते.

सोलापुरात रेल्वे १८६० साली आली. ज्या बातमीला घोड्यावर दोन-चार दिवस लागत, ती तारेने काही तासांत येऊ लागली. मुदतीचा प्रश्न सुटला आणि विश्वासाचा उभा राहिला. तारेत साक्षीदार समोर नसतो, आवाजही नसतो. बरेलीचे मौलाना अहमद रझा खान यांनी तारेवरची चंद्राची बातमी अमान्य ठरवली. इजिप्तचे मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी १९११ च्या ग्रंथात तिच्या बाजूने लिहिले. मला दोघांचंही म्हणणं समजतं, पण ईदगाहवर जमणाऱ्या हजारो लोकांच्या बाबतीत पहिल्यांचा सावधपणा उगीच नव्हता.

इंटरनेट बांधणाऱ्यांनाही हेच कोडं पडलं. १९८१ च्या नियमांत प्रत्येक पाकिटावर उरलेलं आयुष्य लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त २५५. वाटेतला प्रत्येक राउटर ते किमान एकने घटवतो, शून्य झालं की पाकीट टाकून देतो. नाहीतर भरकटलेली पाकिटं चकरा मारत राहिली असती. टीसीपीची जोडणी तर बंद झाल्यावरही थोडा वेळ राखून ठेवतात. पाकिटाचं आयुष्य दोन मिनिटं धरलं, म्हणून थांबायचं चार मिनिटं. मागच्या संभाषणाचं रेंगाळलेलं पाकीट नव्या संभाषणात घुसू नये, एवढ्यासाठी.

आता व्हॉट्सॲपवर चंद्राचे फोटो मगरिबपूर्वीच येतात, काही मागच्या वर्षीचे. त्यांवर मुदत लिहिलेली नसते. त्या रात्री शहरातले बुजुर्ग अजूनही आधी फोन करतात, आणि समोरच्याचा आवाज ओळखीचा आहे ना ते पाहतात.