फेसाळ पेशीची कुळकथा

सुदुंबऱ्याला बाहेरून येणारा माणूस बहुधा संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीसाठी येतो. देहूपासून जवळच, मावळातलं हे गाव. संताजी मूळचे चाकणचे, घरचा धंदा तेलाचा, आणि तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक. तुकोबांचे अभंग वहीत उतरवून ठेवणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. घाण्यावरचे अभंगही त्यांच्या नावावर आहेत. याच गावात आता औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे. रक्तातली चरबी कमी करणाऱ्या गोळ्या हा तिथल्या पोरांच्या अभ्यासाचा भाग. तेली संताची समाधी आणि स्टॅटिनचे धडे एकाच शिवारात असणं हा योगायोगच. पण तेल खवट कसं होतं हे ज्याला समजलं, त्याला हृदयविकाराची अर्धी गोष्ट समजली, असं म्हणायला हरकत नाही.

तेल खवट होतं ते ऑक्सिजनमुळे. शेंगदाणा, करडई, जवस या तेलांतल्या स्निग्धाम्लांत काही जोड कच्चे असतात. हवा, ऊन किंवा लोखंड-तांब्याचा अंश मिळाला की ऑक्सिजन नेमका त्या जोडांना धरतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि ही साखळी मग आपोआप पुढे सरकते. शेवटी लहान, उग्र वासाचे तुकडे पडतात. जवसात कच्चे जोड सर्वांत जास्त, म्हणून क्रिकेटच्या बॅटला चोळलेलं जवसाचं तेल काही दिवसांत चिवट होतं. ते वाळत नाही, ते ऑक्सिजन पिऊन घट्ट होतं. हीच क्रिया माणसाच्या धमनीच्या भिंतीत होत असावी, याचा धागा हाती यायला मात्र १९८४ साल उजाडलं.

धमनीतल्या गाठींत चरबी असते हे आधीपासून माहीत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीच्या रुडॉल्फ विर्खो यांनी त्या गाठींत दाह पाहिला आणि हा आजार जिवंत पेशींच्या हालचालींचा आहे असं मांडलं. १९१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ विंडाउस यांनी रोगट महाधमनीतलं कोलेस्टेरॉल मोजलं. त्याचं एस्टर नावाचं रूप निरोगी धमनीच्या वीसपटीहून जास्त निघालं.

मग आले ससे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे तरुण संशोधक निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना चारलं. सशांच्या धमन्यांत माणसासारखेच चट्टे उमटले. सूक्ष्मदर्शकाखाली अनिच्कोव्ह यांना चरबीने टम्म फुगलेल्या पेशी दिसल्या, आणि या रक्तातून आलेल्या भक्षक पेशी आहेत हे त्यांनी ओळखलं. आपल्या कथेतल्या नायिकेचं, किंवा खलनायिकेचं म्हणा, हे पहिलं ठसठशीत चित्र. पण इतरांनी तोच प्रयोग उंदीर-कुत्र्यांवर केला आणि तो फसला, कारण त्या प्राण्यांचं यकृत कोलेस्टेरॉलचं पित्तात सहज रूपांतर करतं. झालं! सशांचा आजार सशांपुरता, असं म्हणून जगाने अनेक वर्षं ही गोष्ट बाजूला ठेवली.

या पेशीला ‘फेसाळ’ हे नाव पडलं ते काचपट्टीवरच्या रूपावरून. नमुना तयार करताना अल्कोहोल वापरतात. त्यात चरबी विरघळून जाते आणि मागे पोकळ्या उरतात. पेशी साबणाच्या फेसासारखी दिसते.

तिचं काम किती लवकर सुरू होतं, याचा धक्का १९५३ मध्ये बसला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासली गेली. सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा.

खरा पेच पडला तो टेक्सासातल्या डॅलसला. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण, पेशीत घेणारा ग्राहक रेणू शोधला. १९८५ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. काही मुलांत हा ग्राहक जन्मतःच नसतो. त्यांच्या रक्तात एलडीएल साठतं आणि शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका येतो. इथेच गोम होती. ग्राहकच नाही, तर या मुलांच्या धमन्यांतल्या भक्षक पेशी चरबीने भरतात कशा? प्रयोगशाळेत निरोगी भक्षक पेशीला साधं एलडीएल दिलं, तर तीही त्याकडे फारसं बघत नव्हती.

१९७९ मध्ये गोल्डस्टीन, ब्राउन, हो आणि बसू यांनी एलडीएलवर रासायनिक प्रक्रिया करून त्याचा विद्युतभार बदलला. आता भक्षक पेशींनी ते अधाशासारखं गिळलं, तेही एका दुसऱ्याच ग्राहकाच्या मदतीने. यातले बसू म्हणजे संदीप बसू, पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक. एलडीएलचा नेहमीचा ग्राहक पोट भरलं की दार लावतो. या दुसऱ्या, कचरा उचलणाऱ्या ग्राहकाला तशी कडीच नाही. मेलेल्या पेशी आणि जंतूंचे अवशेष साफ करणं हे त्याचं मूळ काम, तिथे थांबून कसं चालेल? पण अडचण अशी की, प्रयोगशाळेत केलेला तो बदल शरीरात होत नाही. मग शरीरात होतं तरी काय?

उत्तर कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाला मिळालं. १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं की धमनीच्या अस्तरातल्या पेशींसोबत एलडीएल रात्रभर ठेवलं, तर भक्षक पेशी ते ओळखून गिळतात. १९८४ मध्ये कारण उलगडलं. एलडीएलमधली चरबी ऑक्सिजनने बिघडली होती. ई जीवनसत्त्व घातलं की बिघाड थांबे. नुसतं तांबं घातलं, तर पेशींशिवायही तो होई. या कामात संपत पार्थसारथी या भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा. खाद्यपदार्थ खवट झाला का, हे जोखायची एक जुनी चाचणी आहे: बिघाडातून पडणारा मॅलॉनडायअल्डिहाइड हा तुकडा असेल तर द्रव गुलाबी होतो. एलडीएलचा बिघाडही याच चाचणीने मोजला गेला. खवट तेलातला तो तुकडा एलडीएलच्या प्रथिनाला चिकटतो, कणाचा भार बदलतो आणि कचरा उचलणारी पेशी फसते.

पुढचं आपण झरझर पाहू. फेसाळलेली पेशी भिंतीतच अडकते, संदेशक रसायनं सोडून आणखी पांढऱ्या पेशी बोलावते आणि शेवटी मरते. तिच्या पोटातल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात. हे स्फटिक पेशीतली धोक्याची घंटा वाजवून दाह पेटवतात, हे २०१० मध्ये दिसलं. गाठ फुटून रक्त गोठलं की झटका.

मग ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाव्यात का? हा मोह जगाला झाला होताच, आणि गोळ्या खपल्याही भरपूर. २००० साली ९,५४१ जणांवरच्या ‘होप’ चाचणीचा निकाल आला: सुमारे साडेचार वर्षं गोळ्या घेऊनही फायदा शून्य. काचेच्या बशीतलं सत्य माणसाच्या धमनीत औषध म्हणून चालेलच असं नाही. एलडीएल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी मात्र झटके खरोखर कमी केले. बिघडायला मालच कमी ठेवला!

आपल्या स्वयंपाकघराचाही या कुळकथेत एक पोटभाग आहे. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जेकबसन यांनी भारतीय तुपात ऑक्सिडीकृत कोलेस्टेरॉल बरंच सापडल्याचं लिहिलं, ताज्या लोण्यात ते नव्हतं. परदेशातल्या भारतीयांच्या हृदयविकाराचं हे कारण असेल का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त, पण तेवढ्यावर तुपाला फाशी देणं घाईचं. खाल्लेली बिघडलेली चरबी आणि धमनीत बिघडलेली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाबद्दल मात्र कायदाच आहे: १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. महामार्गावरच्या वड्याच्या कढईलाही हा नियम लागू आहे.

कथेचं ताजं पान दाहाचं आहे. २०१७ मध्ये ‘कँटोस’ या १०,०६१ रुग्णांच्या चाचणीत, कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह शमवणाऱ्या इंजेक्शनाने झटके-पक्षाघात सुमारे १५ टक्क्यांनी घटले. इंजेक्शन फार महाग. म्हणून नजर गेली कोल्चिसीन या संधिवाताच्या जुन्या, स्वस्त औषधाकडे. जून २०२३ मध्ये अमेरिकेने रोज अर्ध्या मिलिग्रॅमच्या मात्रेला हृदयरुग्णांसाठी मान्यता दिली. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत नुकत्याच झटका आलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. वाद चालू आहे. कोल्चिसीन पावसाळ्यात सह्याद्रीच्या झाडोऱ्यात लाल-पिवळी फुलणाऱ्या कळलावीतही असतं. तिचा कंद मात्र कोणी उगाळून घेऊ नये. त्यातली मात्रा घरी मोजता येत नाही आणि तेवढ्याने माणसं दगावतात.