कोलंबियातील शेजारघरे आणि त्यांचे सामाईक कोठार

कामावर जाणाऱ्या आईने मूल शेजारणीच्या हवाली करावे, ही रीत जुनीच आहे. त्या शेजारणीच्या पाठीशी मात्र सहसा कोणी नसते. बाजारहाट, स्वयंपाक, जमाखर्च, मुलांच्या वजनाची नोंद, सारे एकटीनेच पाहायचे आणि दहाबारा मुलांपुरते सामान किरकोळ भावाने आणायचे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाने या अडचणीवर काढलेल्या तोडग्याचा इतिहास व्यापारी समाजाने आवर्जून पाहावा असा आहे.

तेथे १९६८ साली कायद्याने कुटुंबकल्याण संस्था स्थापन झाली. (आपल्याकडे या शब्दास संततिनियमनाचा अर्थ चिकटला आहे, येथे तो अभिप्रेत नाही. बालकांचे व कुटुंबांचे रक्षण हे तिचे कार्य.) मालकवर्गाने पगारपत्रकाच्या २ टक्के रक्कम बालगृहांसाठी द्यावी, असा कायदा १९७४ साली झाला. परंतु स्वतंत्र इमारतींतील बालगृहे खर्चिक, आणि गरीब वस्त्यांतील मुले अगणित. तेव्हा राष्ट्राध्यक्ष विर्हिलियो बार्को यांच्या कारकिर्दीत इमारती बांधण्याऐवजी वस्तीतील घरेच उपयोगात आणण्याचा निर्णय झाला. १९८६-८७ च्या सुमारास ही 'सामुदायिक घरे' सुरू झाली. १९८८ च्या कायद्याने वर्गणी ३ टक्के केली आणि वाढीव १ टक्का केवळ या घरांसाठी राखून ठेवला. नुसत्या सदिच्छेवर न विसंबता उत्पन्नाची कायमची तजवीज केली, हे या योजनेचे खरे शहाणपण होय.

घर चालवणारी स्त्री 'समाजमाता' म्हणून ओळखली जाई. आपल्याच घरात ती बारा ते पंधरा बालके सांभाळी. पण व्यवहाराचा भार तिच्या एकटीवर नव्हता. अनेक घरे मिळून पालकांचा एक संघ असे. सरकारी रक्कम संघाच्या खात्यात जमा होई. धान्य-भाजीची खरेदी आणि हिशेब संघाकडे, तर प्रशिक्षण व देखरेख संस्थेकडे असे. गहू, सोयाबीन, दुधाची भुकटी व जीवनसत्त्वे यांपासून केलेले 'बिएनेस्तारिना' नावाचे पौष्टिक पीठ संस्था १९७६ पासूनच पुरवीत होती. तेही या घरांत पोहोचू लागले. घराची डागडुजी करण्यासाठी समाजमातांना कर्जाची सोय झाली. घाऊक खरेदीचा लाभ कोणत्याही कापडपेढीस नव्याने सांगावा लागत नाही. झोपडीवजा घरात मुले सांभाळणाऱ्या बाईला तो मिळवून देणे ही मात्र विरळा गोष्ट. ओरात्सियो अतानासियो व सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या घरांत वाढलेल्या गरीब मुलांच्या उंचीत सुधारणा दिसून आली.

या खतावणीत एक बाब मात्र वर्षानुवर्षे चुकीच्या खात्यावर पडत होती. धान्य खर्चात, भांडी खर्चात, पण समाजमातेच्या श्रमाची रक्कम 'बेका' या सदराखाली. बेका म्हणजे शिष्यवृत्ती! दिवसभर राबणाऱ्या प्रौढ स्त्रीस शिष्यवृत्ती कशाची? ही रक्कम कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाहून कमी असे. आपल्या अंगणवाडीसेविकांच्या 'मानधना'चे हे भावंडच म्हणावे. १९९८ साली तेथील घटना न्यायालयाने या स्त्रिया नोकरदार नाहीत, असा निर्वाळा दिला. ज्यांनी उमेदीची वर्षे परक्यांची मुले वाढवण्यात घालवली, त्यांच्या म्हातारपणी निवृत्तिवेतनाचा आधार उरला नाही.

त्यांनी संघटना बांधल्या, मोर्चे काढले. अखेर २०१२ च्या कायद्याने २०१४ पासून किमान वेतन व रीतसर करार मान्य केला. करार मात्र शासनाशी झाला नाही; तो कारभार पाहणाऱ्या संघांशी व संस्थांशी झाला. म्हणजे जो पालकसंघ सामाईक खरेदीसाठी उभा राहिला आणि ज्याच्याकडे सरकारी रकमेखेरीज भांडवल नव्हते, तोच कागदोपत्री मालक झाला. हा व्यवहार चतुराईचा खरा, सरळ म्हणवत नाही.

२०१६ साली त्याच न्यायालयाने १०६ स्त्रियांच्या बाजूने निकाल देऊन त्यांचे शासकीय संस्थेशी नोकरीचे नाते मान्य केले. २०१७ साली त्या निकालाचा मोठा भाग रद्द झाला. निवृत्तिवेतनाच्या थकीत वर्गणीचा मुद्दा तेवढा शिल्लक राहिला.