विद्येचे ऋण

विद्यार्थ्याने शिक्षणासाठी घेतलेले द्रव्य पदवी मिळाल्यावर फेडावे, हा व्यवहार दिसावयास अगदी सरळ आहे. तथापि जो फेडावयास सिद्ध आहे त्यास समाजाने फेडू दिले पाहिजे, ही त्यातील अलिखित अट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या चरित्रातील एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे.

दि. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदे संस्थानाशी करार केला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानाने अमेरिकेतील अध्ययनासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यावयाचे व भीमरावांनी शिक्षण संपताच दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असे ठरले. फेड पैशांत नव्हती, सेवेत होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनी १९१५ साली संपादन केली. पुढे लंडन येथे अध्ययन आरंभिले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली ते अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारास अनुसरून ते बडोद्यास रुजू झाले.

त्या राजधानीत या विद्वानास राहावयास जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून हिंदूंच्या खाणावळीचे दार बंद. तेव्हा पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारी आले व त्यांना बाहेर पडावे लागले. दोघा परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. अखेर कामाठी बागेत पाच तास काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षांचा करार पहिल्याच वर्षी खंडित झाला. आणि तो ऋणकोच्या कुचराईमुळे नव्हे.

लंडनचे अपुरे अध्ययन मात्र त्यांनी सोडले नाही. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साह्य केले. नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. ज्या समाजाच्या धर्मशाळेतून त्यांना घालवून दिले होते, त्याच पारशी समाजातील हे गृहस्थ होत. १९२० साली भीमराव पुनश्च लंडनला गेले व १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले. त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. पदवीही मिळाली.

पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १९४६ साली मुंबईत तिचे सिद्धार्थ कॉलेज उघडले. बडोद्याच्या वहीत दहा वर्षांची सेवा जमा झाली नाही; परंतु स्वतःस मिळालेली विद्या त्यांनी पुढील पिढीच्या पदरी घातली.

पदवीधराकडे कर्जाची फेड मागताना, त्यास कमावण्याची वाट मोकळी ठेवली आहे काय, हेही समाजाने स्वतःस विचारावयास हवे.